वाय दाबू नकोस

काळ्या पडद्यावर तीन ओळी.
रेड व्हॉल्यूम: फेल्ड.
सदस्य डिस्क: दोनपैकी एक.
नवीन व्हॉल्यूम बनवायचा? जुनं सगळं पुसलं जाईल. वाय की एन?

फोनवर यादगिरी, हैदराबादहून:
"अक्का, वाय दाबू नकोस.
काहीही कर, वाय दाबू नकोस."

काल तर एवढंही दिसत नव्हतं.
विडी घरकुलात दुपारी चार तास लाइट नव्हती,
आली तेव्हा मशीनला दिवस आठवेना:
एक जानेवारी दोन हजार नऊ, रात्रीचे बारा.
मदरबोर्डवरचा नाण्याएवढा सेल संपलेला.
त्याच्यासोबत सेटिंग गेली
आणि इतकी वर्षं एका नावानं नांदलेल्या दोन डिस्क
एकमेकींना ओळख देईनात.
नव्या पेठेतून इरण्णाकडून सेल आणला, तीस रुपये.
तो म्हणाला, फॉरमॅट मारून देतो, दोनशे जादा.
मी सेल तेवढा घेतला.

हे मशीन यादगिरीनंच जोडलेलं, जाण्याआधी.
दोन डिस्क, एकच नाव, पळतं बघ, म्हणाला.
कसं, विचारलं तर भिंतीकडे बोट केलं.
पलीकडे शेजाऱ्यांचा माग खडखडत होता.
एक ओळ हिच्यावर, पुढची तिच्यावर,
दोन धोटे, आळीपाळीनं.
मला पटलं. आमच्या घरात असं लगेच पटतं.
एक धोटा थांबला तर काय,
ते त्यानं सांगितलं नाही, मी विचारलं नाही.
मला तरी माहीत असायला हवं होतं.
अर्धी चादर उरत नाही.
उरतात नुसते ताणलेले उभे धागे,
त्यांतून पलीकडची भिंत दिसते.

आत काय आहे?
चिलवेरी शेठच्या टॉवेलांचे ग्राफ, अकरा वर्षांचे.
मोर, कोयरी, बंद पडलेल्या एका हॉटेलचं नाव.
जीएसटीच्या पावत्या. माझ्या लग्नाचा व्हिडिओ, त्याचं जाऊ दे.
आणि नान्नांची कार्डं.
नान्ना जकार्डच्या पुठ्ठ्यांना भोकं पाडायचे, हातानं.
एकेक पुठ्ठा खिडकीशी धरून मी फोटो काढले,
दोन हजार एकशे अठरा,
उजेड भोकाभोकांतून डोळ्यांत यायचा.
मग पुठ्ठे रद्दीत दिले. जागा नव्हती.
किलोला नऊ रुपये आले.
हे यादगिरीला अजून सांगितलेलं नाही.

"ऐकतेयस ना?
आधी प्लग काढ. मग झाकण.
लोखंडाला हात लावून घे. लाल वायर दिसते?"
आधी दिसलं ते तूस.
मागांचं, भिंत ओलांडून आलेलं,
पंख्यावर गादी झालेलं. फुंकर मारली, शिंकले.
मग दोन लाल वायरी. एक ताठ,
एकीची चाप तुटून मान टाकलेली.
उन्हानं की उंदरानं, कोण जाणे.

तेवढ्यात नळ आला.
पाचव्या दिवसाचं पाणी, रात्री पावणेदोनला,
ते कुणासाठी थांबत नाही.
मशीन तसंच उघडं टाकून घागर, पिंप, बादल्या,
फोन खांद्यात.
"फोर्स कमी आहे का गं?" यादगिरी म्हणाला.
नऊ वर्षं झाली जाऊन, अजून आवाजावरून कळतं त्याला.

हात पुसले, दोनदा.
नवी वायर कुठून आणू, सीडी ड्राइव्हची काढून लावली.
तिच्यात कुणी कधीपासून सीडी घातलेली नाही.
बटण.

सदस्य डिस्क: दोन.
रेड व्हॉल्यूम: नॉर्मल.
मी मोठ्यानं वाचलं.
तिकडे बराच वेळ काहीच नाही, मग नाक ओढल्याचा आवाज.
"लगेच कॉपी कर. आधी नान्नांची कार्डं.
म्हणजे, पुठ्ठे आहेतच म्हणा माळ्यावर."

कॉपी चालू आहे. पाच तास चाळीस मिनिटं बाकी.
आठला लाइट जाते.
बादल्या केव्हाच भरल्या होत्या, नळही गेला होता.
मी म्हटलं,
पाणी आलंय रे, ठेवते.